‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

पनवेल तालुक्यात, सायन-पनवेल महामार्गालगतच्या खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावर उपचार आणि संशोधन करणारी संस्था आहे. ‘अ‍ॅक्ट्रेक’ या नावानेच ती सगळ्यांना ठाऊक असते. १९५२ मध्ये परळला डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेले कर्करोग संशोधनाचे काम २००२ मध्ये इथे आले. रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण दूरदूरच्या राज्यांतून इथे येतात. केमोथेरपीचा पहिला टप्पा संपला की घरच्यांचे डोळे एका रिपोर्टकडे लागतात: ‘एमआरडी’ निगेटिव्ह की पॉझिटिव्ह. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे स्वच्छ दिसत असतानाही अस्थिमज्जेत दहा हजार पेशींमागे एखादी रोगट पेशी दडून राहिली आहे का, हे तो रिपोर्ट सांगतो. औषधे कमी करायची, वाढवायची की बोन मॅरो ट्रान्सप्लान्टकडे वळायचे, हे बरेचसे त्यावर ठरते. ‘निगेटिव्ह’ या शब्दाने एक अभाव सांगितला जातो: अमुक गोष्ट इथे नाही. जे नाही ते ‘नाही’ असे आपल्याला कळते तरी कसे, या प्रश्नावर आपल्याकडची दर्शने शतकानुशतके भांडत आली आहेत. मला वाटते, त्या भांडणातून निघालेली एक अट खारघरच्या प्रयोगशाळेत आजही तशीच्या तशी लागू पडते आणि प्रयोगशाळेने त्या अटीत स्वतःची भरही घातली आहे. न दिसणे हा नसण्याचा पुरावा आपोआप होत नाही. तो घडवावा लागतो, आणि पाहायला बसण्याच्या आधीच घडवावा लागतो.

जुना वाद जमिनीवर नसलेल्या घटाचा आहे. समोर मोकळी जमीन आहे. ‘इथे घट नाही’ हे ज्ञान मला कुठून झाले? सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट म्हणाले, प्रत्यक्षाने नाही, कारण डोळ्याचा संबंध जे आहे त्याच्याशी येतो. अभाव कळतो तो अनुपलब्धी या स्वतंत्र प्रमाणाने. अद्वैत वेदान्त्यांनी हे मान्य केले. नैयायिकांनी मात्र वेगळे प्रमाण मानायला नकार दिला. अभाव प्रत्यक्षानेच कळतो, न दिसणे त्याला साहाय्य करते, एवढेच ते म्हणाले. प्रमाणे किती, यावर पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ रचले गेले. पण एका बाबतीत हे सगळे एकमेकांच्या बरेच जवळ येतात, आणि मला तीच बाब मोलाची वाटते. नुसते न दिसणे पुरत नाही. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे ग्राह्य. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही यावरून काही सिद्ध होत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीनेही हीच मर्यादा घातली: दिसण्याच्या सगळ्या अटी पूर्ण असताना वस्तू दिसली नाही तरच अभावाचा निश्चय करावा, आणि जी वस्तू स्थळाने, काळाने किंवा स्वभावानेच आवाक्याबाहेर आहे तिच्या न दिसण्यातून फार तर संशय निघतो. ‘इथे घट असता तर जमिनीसारखाच तोही दिसला असता’ हा तर्क मनात पक्का झाल्यावाचून ‘नाही’ उच्चारण्याचा अधिकार मिळत नाही.

असलेली वस्तू दिसत का नाही, याची सर्वांत काटेकोर यादी ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सापडते. ग्रंथ साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला. वस्तू फार दूर असते, फार जवळ असते, इंद्रियात बिघाड असतो, मन थाऱ्यावर नसते, वस्तू अतिसूक्ष्म असते, मध्ये आडोसा असतो, ही पहिली सहा कारणे कुणालाही सुचतील. शेवटची दोन मात्र विलक्षण आहेत. एक अभिभव: दुसऱ्या प्रबळ गोष्टीने झाकोळून जाणे, जसे दिवसा सूर्याच्या तेजात ग्रह-तारे. दुसरे समानाभिहार: आपल्यासारख्याच गोष्टींत मिसळून जाणे. टीकाकारांनी त्यासाठी मुगाच्या राशीत टाकलेल्या मुगाचे उदाहरण दिले आहे. तो मूग कुठे गेलेला नसतो, डोळेही ठणठणीत असतात, आडोसा नसतो, तरीही ‘हाच तो’ म्हणून तो उचलता येत नाही. एकेका पेशीवरचे चाळीसेक रेणू एकाच वेळी मोजणाऱ्या यंत्राचे काम कुठे कुठे फसते हे नीट पाहिले, तर ते बहुतेक या दोन कारणांपाशीच फसताना दिसते.

रुग्णांच्या रोजच्या तपासणीत फ्लो सायटोमेट्री वापरतात. पेशीच्या पृष्ठभागावरचा ठरावीक रेणू ओळखून त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला चमकणारा रंग जोडायचा आणि पेशी एकेक करून लेझरसमोरून जाऊ द्यायच्या. कोणता रंग किती चमकला त्यावरून ती पेशी कोण, ते ठरते. अडचण अशी की एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या हद्दीत सांडतो आणि रंग वाढवावेत तशी सरमिसळ वाढते. यावर उपाय म्हणून २००९ मध्ये टोरांटोला दिमित्री बंडुरा, स्कॉट टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मास सायटोमेट्रीचे यंत्र जगापुढे ठेवले. इथे अँटिबॉडीला रंगाऐवजी धातूचा एकच समस्थानिक जोडतात. निओडिमियम, गॅडोलिनियम, टर्बियम, इटर्बियम असे शरीरात सहसा न आढळणारे धातू. पेशीचे तुषार आर्गॉनच्या काही हजार अंश तापलेल्या प्लाझ्मात शिरतात, पेशी जळून तिचे अणू-अणू सुटे होतात आणि प्रत्येक आयन शोधकापर्यंत किती वेळात पोहोचला यावरून त्याचे वस्तुमान कळते. १५८ आणि १५९ हे दोन निरनिराळे आकडे आहेत. रंगांसारख्या त्यांच्या कडा पुसट नाहीत. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या गॅरी नोलन यांच्या प्रयोगशाळेने याच रीतीने माणसाच्या अस्थिमज्जेतल्या प्रत्येक पेशीच्या ३४ बाबी एकदम मोजल्या, तेव्हा सरमिसळीचा प्रश्न संपला असे वाटणे स्वाभाविक होते.

तो संपला नाही, त्याने रूप बदलले. शुद्ध म्हणून विकत घेतलेल्या समस्थानिकात त्याच धातूच्या भावंडांचा थोडा अंश राहतोच आणि तो शेजारच्या आकड्यांवर उमटतो. एखाद्या आकड्यावर संकेत फार तीव्र असला की त्याची शेपटी एक कमी आणि एक जास्त वस्तुमानाच्या घरात पोहोचते. सगळ्यांत फसवा प्रकार ऑक्साइडचा. प्लाझ्मातल्या काही धातू-आयनांना ऑक्सिजनचा अणू चिकटतो आणि वस्तुमान १६ ने वाढते: १४३ चा निओडिमियम १५९ वर जाऊन बसतो, आणि १५९ हे टर्बियमचे घर. दोघांच्या वस्तुमानातला खरा फरक इतका बारीक की यंत्राला ते दोन्ही एकच. मुगाच्या राशीतला मूग तो हाच. यंत्र नीट जुळवून ऑक्साइडचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत राखतात. हे ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून जरा हिशेब करू. समजा एका पेशीवर पहिल्या रेणूचे १००० आयन १४३ वर मोजले गेले आणि ऑक्साइड २ टक्के आहे. म्हणजे १५९ वर २० आयन आपोआप दिसणार. १५९ वर आपण जर विरळ आढळणारा रेणू लावला असेल, ज्याचा खरा संकेतच पंधरा-वीस आयनांचा असतो, तर तो रेणू अंगावर नसलेली पेशीही तो असल्यासारखी दिसेल. बाहेरून येणारी भेसळ वेगळीच: बेरियम असलेल्या साबणाने धुतलेल्या काचेच्या बाटलीतून द्रावणात बेरियम उतरते, आणि रुग्णाला एमआरआयच्या वेळी गॅडोलिनियमचे औषध टोचले असेल तर त्याच्या नमुन्यात गॅडोलिनियमच्या आकड्यांवर कुठल्याही अँटिबॉडीशिवाय संकेत येऊ शकतो.

पॅनेल आखण्याची विद्या इथे सुरू होते. कोणत्या रेणूला कोणता धातू द्यायचा, याचा तक्ता नमुना हातात येण्यापूर्वी मांडायचा. विरळ रेणूला असा धातू द्यायचा की ज्या घरात यंत्र सर्वांत संवेदनशील आहे आणि जिथे कुणाची गळती येत नाही. मुबलक रेणूला असा द्यायचा की त्याची गळती जिथे जाईल तिथे ती निरुपद्रवी ठरेल. टी-पेशींवर ठळक असणारा सीडी३ हा रेणू १४३ वर ठेवला आणि १५९ वर केवळ बी-पेशींवर पाहायचा रेणू ठेवला, तर सीडी३ ची गळती टी-पेशींवरच उमटेल. आणि बी-पेशी पाहताना टी-पेशी आधीच बाजूला काढलेल्या असतात. गळती होतेच, पण ती कुणाच्या निर्णयात येत नाही. २०१७ साली याच पद्धतीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याचे सूत्र सरमिसळीचे विचारपूर्वक वाटप करणे असे होते. मला यात तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने एक फार महत्त्वाची गोष्ट दिसते. अभिभव नाहीसा करता येत नाही. तो कुठे घडावा हे ठरवता येते. आणि ठरवता येते म्हटल्यावर त्याची जबाबदारी ठरवणाऱ्यावर येते. आपली दर्शने योग्यता, म्हणजे वस्तूची दिसण्याची पात्रता, बव्हंशी आयती मिळालेली धरून चालतात: उजेड आहे, डोळे आहेत, घट समोर असण्याजोगा आहे. प्रयोगशाळेत योग्यता आयती मिळत नाही. ती कुणीतरी तक्त्यावर मांडलेली असते, आणि त्या तक्त्यातच यंत्र कशाला आंधळे राहील हेही ठरून गेलेले असते.

यावर एक आक्षेप असा की एवढी यातायात कशाला. गळती मोजता येते, मग ती गणिताने वजा करावी. हा आक्षेप हलका नाही. २०१८ मध्ये झुरिकच्या बोडेनमिलर गटाने मास सायटोमेट्रीसाठी अशी वजाबाकीची पद्धत दिली: प्रत्येक अँटिबॉडी एकेकटी मण्यांवर लावून तिची गळती कुठे किती होते ते मोजायचे आणि मूळ मापनातून तेवढी काढून टाकायची. पद्धत चांगली आहे. पण वजाबाकी सरासरीची होते, आणि पेशी एकेकटी असते. वरच्या उदाहरणातले २० आयन हे सरासरी. प्रत्यक्षात एका पेशीत १५ येतील, दुसरीत २५, कारण मोजदादीतला चढउतार साधारण वर्गमुळाएवढा असतोच. खरा संकेत ५ आयनांचा असेल तर २० वजा केल्यावर उरणाऱ्या आकड्यात तो ५ कुठला आणि चढउतार कुठला, हे सांगता येत नाही. गणित पुसट झालेले स्वच्छ करते. मुळात उमटलेच नाही ते आणून देत नाही. शिवाय मास सायटोमेट्रीत पेशी जळून गेलेली असते. तीच पेशी पुन्हा पाहता येत नाही, म्हणून आधीच्या आखणीतली चूक मागाहून दुरुस्त करायला वाव फार थोडा.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञानाच्या बाजूने येतो: हा सगळा तांत्रिक काटेकोरपणा झाला, घट-पटाच्या चर्चेशी त्याचे नाते ओढूनताणून लावलेले आहे. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण खारघरलाच आहे. जून २०२१ मध्ये भारतातली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती टाटा स्मारक आणि आयआयटी मुंबई यांच्या सहकार्यातून इथल्याच केंद्रात एका रुग्णाला दिली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी बदलून त्यांना सीडी१९ हा रेणू अंगावर असलेल्या पेशी मारायला शिकवायचे, असा हा उपचार. आता अडचण पाहा. बी-पेशींच्या रक्तकर्करोगात रोगट पेशी शोधताना प्रयोगशाळा वर्षानुवर्षे पहिले पाऊल सीडी१९ वरच टाकत आली आहे. उपचारानंतर सीडी१९ असलेली एकही पेशी दिसली नाही, तर रोग गेला म्हणायचे का? काही रुग्णांत कर्कपेशी सीडी१९ टाकून देऊन जिवंत राहतात. न्यायशास्त्राने हा प्रसंग धूर आणि अग्नीच्या रूपाने केव्हाच तपासला आहे. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते. धूर नाही म्हणून अग्नी नाही असे म्हणता येत नाही. लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा हे त्यांचे ठरलेले उदाहरण: अग्नी आहे, धूर नाही, कारण धुरासाठी ओले इंधन लागते. सीडी१९ हा धूर होता, आणि उपचाराने ओले इंधनच काढून घेतले. म्हणून अशा रुग्णासाठी पॅनेल नव्याने आखावे लागते आणि सीडी२२, सीडी२४ यांसारख्या दुसऱ्या खुणांवरून पेशींचा माग काढावा लागतो. जुन्या पॅनेलवरची रिकामी जागा खरी असली, तरी तिचा अर्थ बदललेला असतो. लोखंडाच्या गोळ्याचा दृष्टान्त शिकलेला माणूस या चुकीपाशी थबकेल, असे मी गंभीरपणे म्हणतो.

मग इतक्या शंका काढत बसले तर कुणालाच कधी ‘नाही’ म्हणता येणार नाही, असे कुणी म्हणेल. जयराशी भट्टाने सगळ्याच प्रमाणांचा डोलारा पाडून दाखवला होता, आणि त्या वाटेने शेवटी तिथेच पोहोचावे लागेल, अशी भीती रास्त आहे. तिला दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी दिलेले उत्तर मला पटते: शंकेलाही आधार लागतो, आणि माणसाच्या स्वतःच्याच वागण्याशी विसंगत ठरते तिथे शंका थांबते. प्रयोगशाळेत या थांबण्याला आकडा असतो. समजा रोग दहा हजारांत एक या प्रमाणात उरला आहे आणि आपण ५०,००० पेशीच मोजल्या. मग अपेक्षित रोगट पेशी फक्त ५, आणि पडद्यावरचे पाच ठिपके कचऱ्यापासून वेगळे काढणे अवघड. ५ लाख पेशी मोजल्या तर ५० अपेक्षित. पन्नासांचा पुंजका नजरेतून सुटत नाही. जाणूनबुजून मिसळलेल्या ओळखीच्या पेशी याच पॅनेलने सापडतात का, एक अँटिबॉडी वगळून बाकीच्या सगळ्या लावल्यावर त्या रिकाम्या घरात किती खोटा संकेत येतो, हेही तपासून पाहता येते. ‘असती तर दिसली असती’ हे वाक्य नैयायिकाने मनात म्हटले. इथे ते करून पाहिले जाते. एवढे झाल्यावर ‘नाही’ न म्हणणे हाही एक दोषच आहे, कारण त्या रुग्णाला विनाकारण आणखी विषारी औषधे सोसावी लागतील. पॅनेल फक्त विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देते, न विचारलेला रेणू त्यात दिसतच नाही, हा आक्षेप मात्र मी मान्य करतो. त्यावर पूर्ण उपाय नाही.

ही अट धर्माच्या क्षेत्रात नेली की तिची धार जास्त जाणवते. सांख्यांनी ती आठ कारणांची यादी मुळात प्रकृतीच्या बचावासाठी मांडली होती: प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्म आहे म्हणून, नाही म्हणून नव्हे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराबद्दल हेच सांगितले: जो इंद्रियांना योग्यच नाही, त्याच्या न दिसण्यावरून त्याचा अभाव ठरत नाही. ‘दिसत नाही, म्हणून देव नाही’ हे विधान या कसोटीवर टिकत नाही, हे नास्तिकाने मोकळेपणाने मान्य करावे. पण मग या आडोशाला उभे राहून कोणीही काहीही सांगेल, त्याचे काय? इथे मूळ ग्रंथकार आपल्या अनुयायांपेक्षा कडक आहेत. ईश्वरकृष्ण सूक्ष्मतेपाशी थांबत नाही. प्रकृती तिच्या कार्यांवरून सिद्ध करावी लागेल हे तो लगेच मान्य करतो. उदयनही ईश्वराच्या साधक प्रमाणांसाठी वेगळे प्रकरण लिहितो. अदृश्याला खोडता येत नाही एवढ्याने ते सिद्ध होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. शिवाय जो म्हणतो की अमुक गंडा बांधला, अमुक अंगारा लावला की रोग जातो, त्याने आपला दावा स्वतःच दृश्याच्या हद्दीत आणलेला असतो. अस्थिमज्जेतल्या पेशी मोजण्याजोग्या आहेत. तिथे परिणाम दिसला नाही तर ते न दिसणे प्रमाण आहे, आणि त्या क्षणी ‘देव दिसण्यापलीकडचा आहे’ असे म्हणून मागे सरकता येत नाही. श्रद्धेचा मला अनादर नाही. ज्या माणसाने आपल्या श्रद्धेचा विषय प्रामाणिकपणे इंद्रियांपलीकडे ठेवला आहे, त्याच्याशी यंत्राचे भांडणच नाही.

उरतो प्रश्न रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या घरच्यांचा. जैन आचार्यांनी ‘आहे’ आणि ‘नाही’ ही दोन्ही विधाने द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव या चौकटीत बांधली होती, आणि एमआरडीचा ‘निगेटिव्ह’ अगदी त्याच चौकटीत बसतो: या नमुन्यात, कमरेच्या हाडातल्या या एका जागेच्या मज्जेत, या दिवशी, या पॅनेलने पकडता येणाऱ्या खुणांच्या रूपात नाही. काहींना वाटते की इतके सांगणे क्रूरपणाचे आहे. आधीच पिचलेल्या आईबापांना एक शब्द हवा असतो, त्यांच्यापुढे तर्कशास्त्र कशाला? मला ही दया चुकीची वाटते. चांगल्या रिपोर्टमध्ये मोजलेल्या पेशींची संख्या आणि शोधाची मर्यादा लिहिलेली असते. फक्त ती इंग्रजीत आणि बारीक टायपात असते. ओपीडीत मराठीत एवढेच सांगावे: ‘आम्ही पाच लाख पेशी पाहिल्या. दहा हजारांत एक इतका जरी आजार असता तरी पन्नासेक पेशी दिसायला हव्या होत्या. एकही दिसली नाही. त्याहून कमी असेल तर या तपासणीत कळत नाही.’ शेतात, दुकानात, गिरणीत आयुष्यभर हिशेब केलेल्या माणसाला हे समजायला कठीण नाही, आणि पुढची तपासणी ठरल्या तारखेला का करायची, हे मग त्याला निराळे सांगावे लागणार नाही.